मेंदूची सूज म्हणजे नेमके काय: डोक्याला जबर मार लागलेल्या रुग्णाचे प्रकरण

हे प्रकरण कुणा एका माणसाचे नाही. ऊस गाळपाच्या हंगामात रस्त्यावर जखमी होणाऱ्या रुग्णांमध्ये जे पुन्हा पुन्हा दिसते, ते एकत्र करून अभ्यासासाठी मांडले आहे. मात्रा आणि आकडे ७० किलोच्या प्रौढासाठीचे आहेत. तालुक्याच्या रुग्णालयात रात्रपाळीला असणारे डॉक्टर, अतिदक्षता विभागातल्या सिस्टर आणि बाहेरच्या बाकावर बसलेले नातेवाईक या तिघांच्याही उपयोगाचे व्हावे, अशी इच्छा आहे.

घटना

जानेवारी महिना, संध्याकाळचे पावणेआठ. ३४ वर्षांचा शेतकरी आठवडी बाजार उरकून मोटारसायकलवरून घरी निघाला होता. पूर्वीचा काही आजार नाही, दारू प्यायलेली नाही. हेल्मेट घरी खुंटीला होते. रस्त्याच्या कडेला पंक्चर झालेली उसाची दुहेरी ट्रॉली उभी होती. मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर. समोरून येणाऱ्या गाडीच्या प्रखर दिव्यात ती दिसलीच नाही आणि तो तिच्यावर आदळला.

कवटी जागीच थांबली, मेंदू थांबला नाही. कपाळाचा भाग आणि कानशिलाचा भाग कवटीच्या तळाच्या खडबडीत हाडावर घासले गेले आणि तिथे रक्ताळलेली ठेच, म्हणजे कंट्यूजन, तयार झाली. त्याच क्षणी डोके गरकन फिरल्याने आतले लांब तंतू ताणले गेले. वरचा करडा थर आणि खालचा पांढरा भाग यांची घनता सारखी नसते, त्यामुळे ताण त्यांच्या सांध्यावर सर्वाधिक येतो. ही झाली पहिली इजा. ती सेकंदाच्या अंशात होऊन जाते आणि तिच्यावर औषध नाही. यापुढचे सगळे प्रकरण दुसऱ्या इजेचे आहे. ती तासांत आणि दिवसांत घडते, आणि तिच्यातला मोठा वाटा टाळता येतो.

जमलेल्या लोकांनी तोंडावर पाणी मारले, थोडे पाजायचाही प्रयत्न केला. तो घोरत होता. "झोप लागल्यासारखा दिसतोय," असे कुणीतरी म्हणाले. बेशुद्ध माणसाचे घोरणे म्हणजे मागे पडलेल्या जिभेने अडवलेला श्वास, आणि अशा वेळी तोंडात घातलेले पाणी थेट फुप्फुसात उतरते. २५ मिनिटांनी १०८ ची रुग्णवाहिका आली.

तालुक्याचे रुग्णालय, रात्री ८ वाजून ३५ मिनिटे

शुद्धीची पातळी मोजणारे ग्लासगो कोमा स्केल ८ (डोळे १, बोलणे २, हालचाल ५). दोन्ही बाहुल्या ३ मिलिमीटर, उजेडाला आकसणाऱ्या. बोटावरच्या यंत्रात ऑक्सिजन ८६ टक्के. नाडी १२८, रक्तदाब ८८/५६. टाळूवर ६ सेंटिमीटरची जखम, डावी मांडी सुजून आखडलेली.

इथे एक चुकीचा समज आड येतो. "डोक्याला मार आहे, म्हणून प्रेशर कमी झाले" असे म्हणून मांडीकडे दुर्लक्ष होते. प्रौढ माणसाचा रक्तदाब निव्वळ कवटीच्या आतल्या रक्तस्रावाने असा पडत नाही, कारण तेवढे रक्त मावायला आत जागाच नसते. कवटीत साधारण १४०० मिलिलिटर मेंदू, १५० मिलिलिटर रक्त आणि १५० मिलिलिटर मेंदूभोवतीचे पाणी असते. रक्तदाब पडला, तर रक्त दुसरीकडे गेले आहे असे धरून छाती, पोट, कटी, मांडी आणि टाळू शोधायचे. मांडीच्या मोडलेल्या हाडाभोवती लिटर-दीड लिटर रक्त सहज साठते.

हा शोध मिनिटांचा खेळ आहे. जबर मार लागलेल्या रुग्णाचा वरचा रक्तदाब एकदा जरी ९० च्या खाली गेला, तरी मृत्यूचे प्रमाण जवळपास दुप्पट होते, हे अमेरिकेतल्या ट्रॉमॅटिक कोमा डेटा बँकेच्या नोंदींवरून १९९३ मध्येच दिसून आले होते. २०१६ च्या ब्रेन ट्रॉमा फाउंडेशनच्या मार्गदर्शक सूचना १५ ते ४९ वयोगटात तो ११० किंवा जास्त ठेवा म्हणतात.

ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी केलेली चांगली कामे आधी सांगायला हवीत. तोंड सक्शनने साफ केले, मान हाताने सरळ धरून श्वासाची नळी घातली, दोन जाड सलाइनच्या सुया लावल्या, नॉर्मल सलाइनच्या ५०० मिलिलिटरच्या दोन बाटल्या वेगाने सोडल्या, मांडीला थॉमस स्प्लिंट लावला. जखमेवर दाबपट्टी बांधली आणि रक्तस्राव रोखणारे ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड १ ग्रॅम १० मिनिटांत दिले. पुढचा १ ग्रॅम ८ तासांत द्यायचा असतो. अपघातापासून ३ तासांच्या आत दिले तरच त्याचा फायदा पदरात पडतो, म्हणून ते मोठ्या रुग्णालयासाठी राखून ठेवायचे नाही. पाऊण तासात रक्तदाब ११८/७४ आणि ऑक्सिजन ९८ टक्के झाला. या रुग्णाचा जीव त्या पाऊण तासात वाचला, असे आमचे ठाम मत आहे. पुढे आलेल्या महागड्या यंत्रांचे श्रेय त्यानंतरचे.

तीन गोष्टी मात्र चुकल्या. पहिली, सुरुवातीला ५ टक्के डेक्स्ट्रोजची बाटली लावली होती. सिस्टरनी पाहून काढली. शरीर त्यातली साखर वापरून टाकते आणि मागे उरते नुसते पाणी, जे थेट मेंदूच्या पेशींत शिरते. दुसरी, सवयीने डेक्सामेथासोन हे सूज उतरवणारे स्टेरॉइड ८ मिलिग्रॅम दिले गेले. त्याविषयी पुढे सविस्तर. तिसरी चूक जिल्ह्याच्या ठिकाणी नेताना रुग्णवाहिकेत झाली. सोबतच्या माणसाने घाबरून अँबू बॅग, म्हणजे हाताने श्वास देण्याची पिशवी, मिनिटाला ३० वेळा दाबली.

जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचल्यावर धमनीतल्या रक्तात कार्बन डायऑक्साइडचा दाब २७ आला. हवा होता ३५ ते ४०. तो दाब १ मिलिमीटरने उतरला की मेंदूचा रक्तप्रवाह सुमारे ३ टक्क्यांनी घटतो. म्हणजे ज्या पहिल्या तासांत मेंदूला आधीच रक्त कमी पडते, त्याच तासांत जोरजोरात श्वास देऊन ते आणखी तोडले गेले. पाच-सहा सेकंदांनी एकदा, मिनिटाला १० ते १२ वेळा बॅग दाबायची. मनात "एक हजार एक, एक हजार दोन" मोजत दाबली की हात आपोआप आवरतो.

स्कॅन

रात्री ११ वाजून ५ मिनिटांनी सीटी स्कॅन झाला. डाव्या कपाळाच्या भागात कंट्यूजन ३.६ × ३.० × २.२ सेंटिमीटर. तिन्ही मापांचा गुणाकार करून निम्मा केला की रक्ताचे अंदाजे आकारमान मिळते, इथे १२ मिलिलिटर. कानशिलात आणखी ५ मिलिलिटर. डाव्या बाजूला ४ मिलिमीटर जाडीचा सबड्युरल, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या आवरणाखालचा, रक्ताचा थर, मध्यरेषा ३ मिलिमीटर सरकलेली, तळाच्या पाण्याच्या जागा उघड्या. करड्या-पांढऱ्या सांध्यावर दोन-तीन बारीक रक्ताचे ठिपके. लगेच शस्त्रक्रियेची गरज नव्हती.

सकाळी ६ वाजता पुन्हा स्कॅन. कपाळाचे कंट्यूजन ४.२ × ३.२ × २.८, म्हणजे १९ मिलिलिटर. मध्यरेषा ४ मिलिमीटर. ग्लासगो ६ ते ८ असताना कपाळ किंवा कानशिलातले कंट्यूजन २० मिलिलिटरच्या वर आणि मध्यरेषा ५ मिलिमीटर किंवा जास्त सरकलेली असेल, तर शस्त्रक्रिया करायची असा दंडक आहे. रुग्ण त्या उंबरठ्यावर उभा होता. पहिला स्कॅन बरा दिसला म्हणून दुसरा टाळणे ही अशा रुग्णात घातक काटकसर ठरते, कारण कंट्यूजन पहिल्या २४ तासांत वाढते. मेंदूतले पाणी काढण्याची आणि दाब मोजण्याची नळी घातली. पहिला दाब पाऱ्याचे २४ मिलिमीटर. २२ च्या वर उपचार सुरू करायचे.

पेशींच्या आत काय चालले होते

मराठीत आपण तीन वेगळ्या गोष्टींना "सूज" म्हणतो: पेशींत आणि पेशींभोवती साठलेले पाणी, साठलेले रक्त, आणि दाह, म्हणजे शरीराच्या संरक्षण पेशींची धावपळ. नातेवाईकही तेच म्हणतात, घाईत डॉक्टरही. तिन्हींचे वेळापत्रक वेगळे आणि उपचारही वेगळे. हा शब्द सुटा करून पाहिल्याशिवाय पुढचे दिवस समजत नाहीत.

आधी तंतूंचे. चेतापेशीचा लांब तंतू आघाताने बहुधा लगेच तुटत नाही. तो ताणला जातो, त्याच्या आवरणाला छिद्रे पडतात आणि आतले सूक्ष्मनलिकांचे रूळ मोडतात. या रुळांवरून पेशीच्या देहापासून टोकापर्यंत प्रथिनांची वाहतूक अखंड चालू असते. रूळ मोडले की माल तिथेच साचतो आणि तंतू मण्यासारखा फुगतो. साचलेले अमायलॉइड पूर्वप्रथिन सूक्ष्मदर्शकाखाली दोन-तीन तासांतच रंगवून दाखवता येते. मग तो फुगवटा तुटून तंतू खरोखर दुभंगतो, आणि याला काही तासांपासून काही दिवस लागतात. म्हणजे ट्रॉलीवर आदळताना जे तंतू तुटले नव्हते, त्यातले कितीतरी आयसीयूत, आमच्या डोळ्यांदेखत तुटत असतात.

तुटतात ते कॅल्शियममुळे. मार लागताच चेतापेशी ग्लुटामेट हा निरोप्या रेणू ओकतात. शेजारच्या पेशींची दारे त्याने उघडतात, सोडियम आणि कॅल्शियम आत घुसते, पोटॅशियम बाहेर पडते. कॅल्शियम आत साठले की कॅल्पेन नावाचे विकर जागे होते आणि पेशीचा सांगाडाच, विशेषतः स्पेक्ट्रिन हे प्रथिन, कातरू लागते. मायटोकॉन्ड्रिया जादा कॅल्शियम गिळतात, फुगतात आणि ऊर्जा बनवणे थांबवतात. पंप चालवून सोडियम बाहेर फेकायला ऊर्जा लागते. ती नाही म्हणून सोडियम आतच राहते, त्यामागे पाणी येते आणि पेशी टम्म फुगते. सुजेचा हा पहिला प्रकार. यात पाणी पेशीच्या आत असते आणि तो पहिल्या तासांत सुरू होतो.

याच्या जोडीला ठेच लागलेल्या भागाच्या कडेवरून विद्युत विझण्याची लाट निघते. मिनिटाला २ ते ५ मिलिमीटर इतक्या संथ वेगाने ती मेंदूच्या पृष्ठभागावरून पसरते आणि जाईल तिथल्या पेशींचा आयनांचा समतोल मोडते. तो पुन्हा बसवायला साखर आणि ऑक्सिजन भरपूर लागतो. रक्तपुरवठा चांगला असेल तर पेशी सावरतात. रक्तदाब पडलेला असेल तर तीच लाट त्यांना मारून जाते. तालुक्याच्या रुग्णालयात मोजलेल्या ८८ च्या रक्तदाबाचा आणि चेतापेशीच्या मरणाचा संबंध इथे जुळतो.

आता दाह. फुटलेल्या पेशींतून एटीपी, एचएमजीबी१ यांसारखे रेणू बाहेर सांडतात. एरवी ते पेशीबाहेर नसतातच, म्हणून ते धोक्याची आरोळी ठरतात. मेंदूतल्या पहारेकरी पेशी, मायक्रोग्लिया, काही मिनिटांतच आपल्या फांद्या जखमेच्या दिशेने लांबवतात आणि तिच्याभोवती कुंपण घालतात. त्यांच्या आत एनएलआरपी३ नावाची यंत्रणा जुळते आणि इंटरल्यूकिन-१ बीटा तयार होऊन बाहेर पडते. पाठोपाठ टीएनएफ आणि इंटरल्यूकिन-६. हे निरोप रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकट बनवतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशी, न्यूट्रोफिल, त्या भिंतींना चिकटून आत उतरतात. त्यांची गर्दी पहिल्या एक-दोन दिवसांत सर्वाधिक असते. त्यांच्यातले एमएमपी-९ हे विकर रक्त आणि मेंदू यांच्यामधल्या भिंतीचे सांधे खाते. भिंत गळू लागली की प्रथिने आणि त्यांच्यासोबत पाणी पेशींबाहेरच्या जागेत येते. ही सुजेची दुसरी लाट, आणि तिसऱ्या ते पाचव्या दिवशी रुग्ण पुन्हा बिघडतो त्यात तिचा मोठा हात असतो. तिसऱ्या दिवसापासून रक्तातून मोनोसाइट येतात, मेलेल्या पेशींचा कचरा गिळतात. ॲस्ट्रोसाइट जखमेभोवती व्रणाची भिंत बांधतात.

हीच फौज नुकसान करते आणि हीच साफसफाई. कुंपण घातले नाही तर जखम पसरते. कचरा उचलला नाही तर नवे तंतू फुटायला वाट मिळत नाही. म्हणून दाह सरसकट दाबणे हे उत्तर निघत नाही. कोणता भाग, कोणत्या दिवशी, किती, हे कळल्याशिवाय त्यात हात घालणे धोक्याचे आहे, आणि ते धोक्याचे आहे हे माणसांवर सिद्ध झालेले आहे.

दुसरी रात्र: औषधाविना उतरलेला दाब

पहाटे २ वाजता रुग्णाला कुशीवर वळवले. दहा मिनिटांनी मेंदूतला दाब ३१. कनिष्ठ डॉक्टर मेंदूतला दाब उतरवणाऱ्या मॅनिटॉलची बाटली आणायला निघाले, तेवढ्यात सिस्टरनी टॉर्च मारून मान पाहिली. श्वासाची नळी बांधलेली फीत मानेत रुतली होती, कडक कॉलरची कडा गळ्यावर दाबत होती आणि डोके डावीकडे कलले होते. मेंदूतले रक्त मानेतल्या शिरांमधून खाली उतरते. त्या दाबल्या की वर तुंबते. फीत सैल केली, कॉलर नीट बसवली, नाक छातीच्या मध्यरेषेत आणले, उशाची बाजू ३० अंश वर केली. पाच मिनिटांत दाब २३. नळीतून ५ मिलिलिटर पाणी सोडल्यावर १९.

त्याच रात्री दुसरी एक चूक सापडली. मेंदूला रक्त ढकलणारा दाब म्हणजे सरासरी रक्तदाबातून मेंदूतला दाब वजा करून येणारा आकडा, आणि तो ६० ते ७० हवा. मॉनिटरवर ८४ उणे १९, म्हणजे ६५ दिसत होता. सगळे निश्चिंत होते. पण रक्तदाबाचे ट्रान्सड्यूसर, म्हणजे दाब टिपणारे यंत्र, हृदयाच्या पातळीवर बांधलेले होते आणि मेंदूतल्या दाबाचे कानाच्या पातळीवर. डोके ३० अंश वर असताना हृदय आणि कान यांच्या उंचीत इथे १५ सेंटिमीटरचे अंतर भरले, म्हणजे सुमारे ११ मिलिमीटर पाऱ्याचा फरक. खरा आकडा ५४ होता. दोन्ही ट्रान्सड्यूसर कानाच्या पुढच्या उंचवट्याच्या रेषेत आणले, रक्तदाब चढवणारे नॉरॲड्रिनलिन वाढवले आणि खराखुरा ६४ मिळवला. बेड खाली-वर केला की दर वेळी पातळी पुन्हा लावायची.

तिसरा दिवस: सुजेचे इंजेक्शन

दुपारी ताप १०२ फॅरनहाइट, मेंदूतला दाब २८, रक्तातले सोडियम १२९. दुसऱ्या लाटेची वेळ. बाहेर भाऊ वाट पाहत होता.

"डॉक्टर, गावाकडं सांगत्यात, सुजेचं इंजेक्शन दिलं की माणूस उठून बसतो. तालुक्याला दिलं होतं, मग इथं बंद का केलं?"

प्रश्न रास्त आहे, आणि डेक्सामेथासोनला नाव मिळाले ते उगाच नाही. मेंदूतल्या गाठीभोवती जे पाणी साठते, ते या औषधाने खरोखर उतरते. डोकेदुखीने लोळणारा रुग्ण दोन दिवसांत उठून बसतो. तो अनुभव डोक्याच्या माराला लावला गेला आणि कित्येक वर्षे जगभर तसेच चालले. मग क्रॅश नावाची चाचणी झाली. अपघातानंतर ८ तासांच्या आत मिथाइलप्रेडनिसोलोन (डेक्सामेथासोनसारखेच स्टेरॉइड) २ ग्रॅम एका तासात आणि पुढे ४८ तास ताशी ०.४ ग्रॅम, किंवा दिसायला तसेच पण औषध नसलेले द्रावण. २०,००० रुग्ण घ्यायचे ठरले होते. २००४ मध्ये १०,००८ वर चाचणी थांबवावी लागली, कारण दोन आठवड्यांत स्टेरॉइड मिळालेल्यांपैकी २१.१ टक्के दगावले होते आणि न मिळालेल्यांपैकी १७.९ टक्के. दर १०० माणसांमागे तीन मृत्यू जास्त. सहा महिन्यांनी पाहिले तरी फरक तसाच राहिला, २५.७ विरुद्ध २२.३.

पुढे प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकावर आशा बसली. उंदरांमध्ये ते दाह आणि सूज दोन्ही कमी करत होते. २०१४ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले आणि दोन्हींत फायदा दिसला नाही. प्रयोगशाळेत सगळ्या उंदरांना एकाच जागी, एकाच जोराचा मार असतो आणि औषध ठरल्या वेळी मिळते. इकडे एकाला कंट्यूजन, दुसऱ्याला तुटलेले तंतू, तिसऱ्याला दोन्ही आणि वर पडलेला रक्तदाब.

भावाला हे सगळे आकडे सांगितले नाहीत. "दादा, हे इंजेक्शन गाठीच्या सुजेवर चालतं. अपघाताच्या सुजेवर याच जातीचं औषध दहा हजार माणसांवर तपासलं, आणि ते दिलेल्यांतली माणसं जास्त गेली. म्हणून देत नाही. मेंदूतलं प्रेशर उतरवायला दुसरी औषधं चालू आहेत," एवढे बसून, सावकाश सांगितले. ते उभ्या उभ्या सांगितले असते तर पटले नसते.

मग केले काय? ताप आधी उतरवला, कारण तापलेल्या मेंदूची भूक वाढते: पॅरासिटामॉल १ ग्रॅम शिरेतून दर ६ तासांनी, थंड ब्लँकेट, आणि सोबत कारणाचा शोध. उजव्या फुप्फुसाच्या तळाशी न्यूमोनिया सापडला. रस्त्यावर पाजलेल्या पाण्याचा संशय पक्का. प्रतिजैविक सुरू झाले.

सोडियमचे कोडे अधिक नाजूक होते. १२९ पाहिले की "पाणी कमी द्या" असा शेरा पडतो. पण रुग्णाला तासाला ३०० मिलिलिटर लघवी होत होती, लघवीत सोडियम भरपूर होते आणि वजन घटत होते. म्हणजे मेंदूच्या इजेमुळे मूत्रपिंडे मीठ बाहेर टाकत होती. अशा वेळी पाणी तोडले की रक्तदाब पडतो आणि दुसरी इजा आपल्याच हाताने होते. ३ टक्के सलाइन १५० मिलिलिटर २० मिनिटांत दिले. त्याने मेंदूतला दाबही २८ वरून २० झाला. मग ते थेंबाथेंबाने चालू ठेवले, दर ४ ते ६ तासांनी सोडियम तपासले आणि २४ तासांत ८ ते १० पेक्षा जास्त चढू दिले नाही.

मॅनिटॉल मुद्दाम मागे ठेवले. ते लघवीवाटे आणखी पाणी काढते आणि या रुग्णाचे पाणी आधीच कमी होते. शिवाय ते जिथे रक्त-मेंदू भिंत शाबूत आहे तिथूनच पाणी ओढते. गळक्या भागात पुन्हा पुन्हा दिले तर स्वतःच आत झिरपते. जिथे ते योग्य असते तिथे मात्रा किलोला ०.२५ ते १ ग्रॅम. २० टक्क्यांच्या ३५० मिलिलिटरमध्ये ७० ग्रॅम असते. जानेवारीच्या थंडीत बाटलीत खडे धरतात. उजेडासमोर धरून पाहायची, खडे असतील तर कोमट पाण्यात ठेवून पूर्ण विरघळवायची, अंगाच्या उष्णतेइतकी निवू द्यायची आणि फिल्टरचा सेट लावायचा.

इतके करूनही दाब २५ च्या वर तासन्‌तास राहिला असता, तर कवटीचे हाड काढण्याचा पर्याय होता. नातेवाइकांसमोर तो मांडताना दोन्ही बाजू सांगाव्या लागतात. २०१६ च्या रेस्क्यू-आयसीपी चाचणीत सहा महिन्यांनी मृत्यू ४८.९ वरून २६.९ टक्क्यांवर आले, पण भान नसलेल्या अवस्थेत जगणारे २.१ वरून ८.५ टक्के झाले. या रुग्णावर ती वेळ आली नाही. पाचव्या दिवशी दाब १४ ते १८ मध्ये स्थिरावला, आठव्या दिवशी मेंदूतली नळी काढली. लेव्हेटिरासेटाम ७ दिवस देऊन बंद केले. फिटचे औषध पहिल्या आठवड्यातली फिट टाळते, पुढे जडणारी फेफरे टाळत नाही, त्यामुळे घरी जाताना सवयीने चिठ्ठीवर लिहायचे कारण नाही.

नवव्या दिवसाचे वादळ

गुंगीचे औषध कमी करताच दिवसातून चार-पाच वेळा एकच प्रकार: नाडी १४०, रक्तदाब १८०/१००, घामाने चादर चिंब, हातपाय ताठ. जंतू शोधायला दोन वेळा कल्चर पाठवली, काहीच उगवले नाही. मेंदूच्या खोल भागातले तंतू तुटले की स्वयंचलित मज्जासंस्थेवरचा लगाम सुटतो आणि लहानशा त्रासालाही शरीर लढाईसारखे उत्तर देते. तक्त्यावर वेळा लिहिल्यावर कळले, की निम्मी वादळे सक्शन करताना आणि उरलेली लघवीची नळी पिळलेली असताना येत होती. नळी सरळ केली, पोट साफ केले, सक्शनआधी वेदनाशामक दिले. प्रोप्रानोलॉल २० मिलिग्रॅम दर ८ तासांनी आणि गॅबापेंटिन सुरू केले. आठवड्यात वादळे शमली. प्रतिजैविके मात्र वाढवली नाहीत.

बाराव्या दिवसाच्या एमआरआयमध्ये दोन्ही अर्धगोलांना जोडणाऱ्या कॉर्पस कॅलोसममध्ये बारीक रक्तस्राव दिसले. तंतूंच्या इजेची दुसरी पायरी. मेंदूचा दांडा वाचलेला होता. चौदाव्या दिवशी त्याने डोळे उघडले, एकविसाव्या दिवशी बायकोचे नाव घेतले.

सहा महिने

चालणे जमते, शेतात जातो. पण पाण्याची पाळी कोणत्या दिवशी हे आठवत नाही, पोरांच्या आवाजाने चिडतो, दुपारी गळून जातो. घरच्यांना हा आळस वाटतो, आणि तो तसा नाही हे त्यांना समजावणे उपचाराचाच भाग आहे. तुटलेल्या तंतूंमुळे निरोप पोहोचायला वेळ लागतो. दाहही संपलेला नसतो. मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूंमध्ये एकाच जबर आघातानंतर १८ वर्षांपर्यंत खवळलेले मायक्रोग्लिया पांढऱ्या भागात आढळले आहेत.

थकवा आणि चिडचिड यांच्यामागे पिट्युटरी ग्रंथीची इजाही असू शकते. सकाळचे कॉर्टिसॉल, थायरॉइड आणि टेस्टोस्टेरॉन तपासले. थायरॉइडचा संप्रेरक कमी निघाला. आधी कॉर्टिसॉल नीट असल्याची खात्री करून मग गोळी सुरू केली. उलट क्रमाने दिली तर रुग्ण कोसळू शकतो. मोटारसायकल अजून बंद आहे.

बायकोने जाता जाता सांगितले, "चुलीवर दूध करपलं, सगळ्या घरात वास सुटला, आणि हे शेजारीच बसून होते. यांना कळलंच नाही." डोळे मिटायला लावून नाकाखाली लवंग धरली, मग कॉफीची पूड. त्याला दोन्हींचा वास आला नाही. कपाळाच्या तळाशी असलेले वासाचे तंतू पहिल्याच क्षणी, ट्रॉलीवर आदळताना तुटले होते आणि सहा महिन्यांत कुणीही विचारले नव्हते. घरात गॅसची शेगडीही आहे. गळती झाली की वाजणारे यंत्र बसवायला आणि झोपण्यापूर्वी रेग्युलेटर बंद करायला सांगितले. शिळे अन्न वासावरून ठरवायचे नाही, फवारणीचे औषध दुसऱ्याने काढून द्यायचे, हेही चिठ्ठीवर लिहून दिले.